वाचकांचे प्रश्न : कोण आले नाही, हे कोणाला कळते?

गेल्या काही महिन्यांत आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत : स्थानिक मंडळी (चर्च) बळकट कशी व्हावी आणि तिच्यातील माणसांची बांधिलकी कशी वाढावी. लिहिणाऱ्यांत पाळक (पास्टर) आहेत, वडील म्हणजे मंडळीची देखरेख करणारे पुढारी आहेत, खजिनदार आहेत आणि ज्यांच्याकडे कोणतेही पद नाही असे सभासदही आहेत. पत्रे संक्षिप्त करून आणि ओळख पटेल असा तपशील वगळून त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. शास्त्रवचनांचा आशय मी माझ्या शब्दांत दिला आहे; वाचकांनी संदर्भ उघडून मूळ वचन वाचावे, ही विनंती.

प्रश्न १ : मी एका मंडळीचा पाळक आहे. रविवारच्या उपासनेला बाके भरलेली असतात; पण आठवड्यातील प्रार्थनासभेला ठरलेले आठ-नऊ चेहरेच दिसतात. बांधिलकी या विषयावर मी वर्षभरात अनेक उपदेश केले. लोक ऐकतात, दारात हात मिळवताना संदेश आवडल्याचे सांगतात आणि पुढच्या बुधवारी पुन्हा तेच आठ-नऊ जण असतात. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर : ख्रिस्तात प्रिय बंधू, तुमचे उपदेश चुकले असे मला वाटत नाही; मात्र जे काम उपदेशाने होण्यासारखे नाही, ते तुम्ही उपदेशाकडून करून घेऊ पाहत आहात. बांधिलकी ठेवा असे सांगितल्याने ती ठेवली जात नाही. ज्याला आपण ओळखतो आणि जो आपल्याला ओळखतो त्याच्याशीच माणूस बांधला जातो, आणि तीनशे माणसांनी एकाच दिशेला तोंड करून तासभर बसण्यात ही ओळख होत नाही.

प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये यरुशलेमेतील पहिल्या मंडळीचे वर्णन आहे : प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टींत ते लोक तत्पर असत. आपण या चार गोष्टी मोजतो आणि आपल्याकडेही चारही आहेत म्हणून समाधान मानतो. मला मात्र त्या वाक्यातील 'तत्पर' हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. मूळ ग्रीक क्रियापद चिकाटीने लागून राहणे, जवळून न हलणे अशा अर्थाचे आहे. मार्क ३:९ मध्ये तेच क्रियापद एका होडीसाठी आले आहे : गर्दी वाढली तर वेळेवर हाताशी असावी म्हणून येशूने एक होडी काठाशी सज्ज ठेवायला सांगितली. बांधिलकीचे याहून सोपे चित्र मला ठाऊक नाही. होडी काही बोलत नाही, तिच्या भावना उचंबळून येत नाहीत. पण हाक मारली की ती जागेवर असते.

आता तुमच्या मंडळीकडे याच दृष्टीने पाहा. मागच्या रविवारी कोण आले नव्हते, हे तुम्ही सोडून आणखी किती जणांना सांगता येईल? गैरहजर व्यक्तीच्या घरी सोमवारी कोणी गेले का, निदान फोन तरी केला का? आपण गेलो नाही तरी कोणाचे काही अडत नाही हे एकदा कळले, की पुढची अनुपस्थिती सोपी होते आणि त्यापुढची तर लक्षातही येत नाही. प्रार्थनासभेला येणारे ते आठ-नऊ जण अधिक आध्यात्मिक असतील असे नाही. न आल्यास त्यांना विचारणारे कोणीतरी आहे, एवढेही कारण पुरेसे असते.

इंग्लंडमधील किडरमिन्स्टर गावात सतराव्या शतकात रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते. त्यांच्याकडे आठशेहून अधिक कुटुंबे होती आणि ते नामांकित उपदेशक होते. तरीही त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह सोमवार आणि मंगळवार हे दोन पूर्ण दिवस कुटुंबांच्या वैयक्तिक शिक्षणासाठी राखून ठेवले. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे घेतली, की वर्षभरात सर्वांशी बोलणे होई. वर्षानुवर्षे उपदेश ऐकूनही ज्यांच्या पदरी काही पडले नव्हते अशा काही जणांना अर्ध्या तासाच्या समोरासमोरच्या बोलण्यातून दहा वर्षांच्या उपदेशांपेक्षा अधिक लाभ झाला, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. उपदेशावर ज्याची श्रद्धा होती अशा माणसाचे हे मत असल्यामुळे ते मला विशेष वजनदार वाटते.

दुसरे उदाहरण थोडे गमतीचे आहे. १७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांच्या गटामागे एकाने ती गोळा करावी असे ठरले. गोळा करणारे घरोघरी जाऊ लागले तेव्हा कोण आजारी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, हे सगळे त्यांना दिसू लागले. हिशेबासाठी केलेली व्यवस्था खऱ्या अर्थाने जिवांच्या देखरेखीची आहे, हे वेस्ली यांच्या ध्यानात आले आणि त्यातून मेथडिस्टांच्या साप्ताहिक वर्गांची पद्धत रूढ झाली. घराचा उंबरठा ओलांडल्याशिवाय जे कळत नाही, ते त्यांना कर्जाने कळवले!

म्हणून सूचना एवढीच करतो की सहा महिने बांधिलकीवर उपदेश करू नका. त्याऐवजी सभासदांची यादी घेऊन बसा आणि तुमच्या आठ-नऊ विश्वासू लोकांपैकी प्रत्येकाकडे पाच-सहा कुटुंबे सोपवा. त्यांनी या कुटुंबांना महिन्यातून एकदा भेटावे, त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी आणि कोणी दिसले नाही तर त्याच आठवड्यात विचारपूस करावी. विचारपूस करताना 'तुम्ही का आला नाहीत?' असे विचारू नये. 'तुम्ही दिसला नाहीत, सगळे ठीक आहे ना?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नात हजेरीपट असतो आणि तो माणसाला लगेच ऐकू येतो. एवढे करूनही बुधवारची संख्या दुप्पट होईल असे आश्वासन मी देत नाही. काही घरांतून तुम्हाला थंड प्रतिसाद मिळेल. कारण आजवर कोणी न आलेल्या घरी अचानक कोणी आले, की आधी संशयच येतो.

प्रश्न २ : मी प्रभूवर विश्वास ठेवणारी आहे, नियमित उपासनेला जाते, अर्पण देते. मंडळीच्या सभासद-नोंदवहीत नाव घालण्याचा आग्रह मला होतो आहे. नवीन करारात सभासदत्वाची नोंदवही कोठे आहे? ख्रिस्ताच्या शरीराचा मी अवयव आहे, एवढे पुरेसे नाही का?

उत्तर : भगिनी, नोंदवही, अर्ज आणि वर्गणी यांची आज्ञा नवीन करारात नाही, हे तुमचे म्हणणे खरे आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण ज्या वस्तुस्थितीची ती नोंदवही खूण आहे, ती वस्तुस्थिती तेथे जागोजागी आहे. प्रेषित पौल करिंथकरांस लिहिताना मंडळीच्या 'आतले' आणि 'बाहेरचे' असा भेद करतो आणि न्याय करण्याची जबाबदारी आतल्यांपुरती ठेवतो (१ करिंथ ५:१२-१३). कोण आत आहे हे ठाऊक नसेल, तर त्या वाक्याला अर्थच उरत नाही. मंडळीने ज्यांचा सांभाळ करायचा त्या विधवांची यादी करावी आणि त्यात साठ वर्षांखालील स्त्रीचे नाव घेऊ नये, असे पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला सांगितले आहे (१ तीमथ्य ५:९). म्हणजे याद्यांचे वावडे प्रेषितांनाही नव्हते. इब्री लोकांस पत्र १३:१७ मध्ये तर पुढाऱ्यांना तुमच्या जिवांचा हिशेब द्यावा लागणार आहे असे म्हटले आहे. मी वडील असतो, तर मला देवापुढे कोणाचा हिशेब द्यायचा आहे, हे निश्चित कळावे अशी माझी पहिली मागणी असती.

'मी विश्वव्यापी मंडळीची आहे' हे वाक्य निखालस खरे आहे. पण विश्वव्यापी मंडळी आपल्या आजारपणात उशाशी बसत नाही आणि आपण चुकलो तर कानही धरत नाही. अवयव म्हणायचे तर तो कोणत्यातरी एका शरीराला जोडलेला असावा लागतो. नाव नोंदवणे म्हणजे 'माझी चौकशी करण्याचा अधिकार मी तुम्हाला देते आणि तुमची चौकशी करण्याचे कर्तव्य स्वीकारते' असे दोन्ही बाजूंनी म्हणणे. यातला पहिला अर्धा भाग आपल्याला जड जातो, असा माझा अनुभव आहे. माझ्यापुरता तरी तो जडच गेला.

मात्र तुमच्या मंडळीत सभासदत्वाचा अर्थ वर्गणीची पावती आणि निवडणुकीतील मत एवढाच उरला असेल, तर तुमची नाराजी रास्त आहे. तसे असल्यास नाव नोंदवण्यापूर्वी वडिलांना जरूर विचारा : 'मी सभासद झाले तर तुम्ही माझ्यासाठी काय करणार आणि माझ्याकडून काय अपेक्षा ठेवणार?' या प्रश्नाचे सरळ उत्तर त्यांना द्यावे लागले, तर मंडळीचेही भले होईल.

प्रश्न ३ : आमच्या मंडळीत उपदेश, आजाऱ्यांच्या भेटी, तरुणांची सभा, हिशेब आणि दुरुस्तीची कामेसुद्धा पाळकांवरच असतात. आम्ही वडील मदत करू इच्छितो, पण ते कोणावर काही सोपवत नाहीत. तरुणांना पुढे आणा म्हटले, तर 'ते अजून तयार नाहीत' असे उत्तर मिळते.

उत्तर : तरुण तयार नाहीत हे बहुधा खरेच असेल, पण त्यांना तयार कोणी करायचे, हा प्रश्न त्या उत्तरात मोठ्या शिताफीने बाजूला राहतो. इफिसकरांस पत्र ४:११-१२ प्रमाणे पाळक व शिक्षक हे मंडळीला देवाचे दान आहेत, आणि ते दान कशासाठी, तर पवित्र जनांना, म्हणजे सर्व विश्वासणाऱ्यांना, सेवेच्या कार्यासाठी सिद्ध करण्यासाठी. सेवा पवित्र जनांनी करायची आहे. जो पाळक सर्व कामे स्वतः उरकतो, तो कष्टाळू असूनही आपल्या मुख्य कामापासून दूर राहिलेला असतो, हे कठोर वाटले तरी म्हटले पाहिजे.

मोशेची गोष्ट आठवा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटा न्याय करीत बसतो आणि लोक रांगेत उभे असतात. त्याचा सासरा इथ्रो हे पाहून सांगतो की हे तू करतोस ते ठीक नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील (निर्गम १८). त्याच्या सल्ल्यावरून हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमले गेले. ही गोष्ट आपण वाचतो ती मोशेच्या सोयीची म्हणून. लोकही दमत होते, हे इथ्रोचे निरीक्षण सुटून जाते. सर्व काही एकाच माणसाकडून होणाऱ्या मंडळीत बाकीचे विश्रांती घेत असतात असे दिसते. प्रत्यक्षात ते वाट पाहत असतात, आणि वाट पाहून पाहून निघून जातात.

सोपवणे म्हणजे काम अंगावर टाकणे नव्हे. २ तीमथ्य २:२ मध्ये चार पिढ्या आहेत : पौल, तीमथ्य, त्याने ज्यांना शिकवायचे ती विश्वासू माणसे आणि त्यांनी पुढे ज्यांना शिकवायचे ते. निवडीचा निकष तेथे 'विश्वासू' असा आहे, 'हुशार' असा नाही. त्याच वेळी घाईलाही लगाम आहे. नवशिक्याला अध्यक्ष करू नये (१ तीमथ्य ३:६), आणि मंडळीच्या सेवकांचीही (डीकनांचीही) आधी पारख व्हावी (३:१०). पारख व्हायची तर आधी काहीतरी काम हातात दिले पाहिजे, पद मागाहून.

तरुणपणी माझ्यावर मुलांचा एक वर्ग सोपवण्यात आला होता. पहिल्या दिवशी मी तयार केलेला पाठ दहा मिनिटांत संपला आणि उरलेला अर्धा तास मुलांनी माझी परीक्षा घेतली. मागच्या बाकावर बसलेले वृद्ध शिक्षक उठून पुढे आले नाहीत. वर्ग संपल्यावर त्यांनी माझ्याजवळ बसून पुढचा पाठ माझ्याकडून तयार करून घेतला. ते मध्ये पडले असते, तर त्या दिवशीचा वर्ग वाचला असता आणि मी शिक्षक झालो नसतो.

तुम्ही वडिलांनी पाळकांकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजी एक ठोस मागणी घेऊन जावे. उदाहरणार्थ, आजाऱ्यांच्या भेटींना जाताना त्यांनी दर वेळी एका वडिलाला आणि एका तरुणाला बरोबर न्यावे आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत शास्त्रवाचन व प्रार्थना त्या तरुणाने करावी. प्रेषितांनी मंडळ्यांत वडील नेमले ते एकेक करून नव्हे, अनेक नेमले (प्रेषितांची कृत्ये १४:२३, तीत १:५). पाळकांच्या मनात अविश्वास आहे की आपण अनावश्यक ठरू अशी भीती आहे, हे सोबत चालताना आपोआप कळेल. भीती असेल, तर तिला युक्तिवादाने उत्तर देऊ नका. त्यांच्या श्रमांबद्दल उघड कृतज्ञता व्यक्त करा.

प्रश्न ४ : मी मंडळीचा खजिनदार आहे. अर्पण घटत चालले आहे. काहींचे मत आहे की बाहेरील एखाद्या संस्थेकडून नियमित मदत मिळवावी, म्हणजे पाळकांचे मानधन आणि इमारतीचा खर्च भागेल. आपले मत काय?

उत्तर : आपत्तीच्या वेळी एका मंडळीने दुसरीला मदत करणे हे पूर्णपणे शास्त्राला धरून आहे, पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा केलीच होती. नियमित खर्च बाहेरून चालवणे ही वेगळी गोष्ट आहे. चीनमध्ये दीर्घकाळ काम केलेले मिशनरी जॉन नेव्हियस यांना १८९० साली कोरियातील तरुण प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी सल्ल्यासाठी बोलावले. नव्या विश्वासणाऱ्यांना परकीय पैशावर पगारी नोकर करू नये, मंडळीला झेपेल तेवढीच व्यवस्था उभी करावी, प्रार्थनागृह लोकांनी स्वतःच्या ऐपतीप्रमाणे बांधावे आणि सर्वांना शास्त्राचे कसून शिक्षण द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. तेथील मिशनऱ्यांनी ही पद्धत स्वीकारली आणि कोरियातील मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. तिच्या वाढीला इतरही कारणे होती हे खरे. तरी ज्या छपरासाठी आपण कौले वाहिली, त्याच छपराखाली माणूस वेगळ्या मनाने बसतो, हे समजायला फार अभ्यास लागत नाही.

अर्पण का घटते याची कारणे मात्र आधी तपासा. लोकांची आर्थिक स्थिती खालावली असेल, तर मंडळीनेच त्यांना आधार द्यायला हवा. हिशेब कोणाला दिसत नसेल, तर तो दाखवा. पौलासारख्या प्रेषितानेही वर्गणीची रक्कम एकट्याने हाताळली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू त्याने सोबत घेतले, आणि कारण असे दिले की कोणाला दोष ठेवायला जागा राहू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते व्हावे (२ करिंथ ८:२०-२१). उपासनेनंतर दोन असंबंधित व्यक्तींनी अर्पण मोजून सही करावी, महिन्याचा जमाखर्च फलकावर लावावा आणि वर्षातून एकदा मंडळीबाहेरच्या जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. तुमच्या प्रामाणिकपणावर शंका म्हणून हे सांगत नाही. उद्या कोणी शंका घेतलीच, तर तुमच्या बाजूने कागद बोलावा म्हणून सांगतो.

दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणे, आजही बंधनकारक आहे का, हे आपण विचारलेले नाही आणि त्या वादात मी येथे शिरत नाही. मासेदोनियातील मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यात शक्तीपलीकडे दिले आणि तत्पूर्वी त्यांनी स्वतःला प्रभूला दिले, एवढे २ करिंथ ८:१-५ मध्ये वाचून थांबावे.

प्रश्न ५ : आमच्या मंडळीतील दोन जुनी कुटुंबे तीन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. ती प्रभुभोजनाला येतात, पण वेगवेगळ्या बाजूंना बसतात. वडील म्हणतात की विषय काढला तर मंडळी फुटेल. आम्ही गप्प राहावे का?

उत्तर : मंडळी फुटेल अशी भीती घालणाऱ्यांना नम्रपणे विचारावे की ती अजून फुटलेली नाही असे त्यांना कशावरून वाटते. दोन कुटुंबे दोन बाजूंना बसतात आणि प्रत्येकाला आपण कोणत्या बाजूला बसलो तर काय अर्थ निघेल याचा विचार करावा लागतो, तेथे भेग पडलेलीच आहे; तिच्यावर फक्त चटई अंथरलेली आहे.

फिलिप्पै येथील मंडळीवर पौलाचे किती प्रेम होते हे त्या पत्राच्या ओळीओळीतून दिसते. तरी शेवटाकडे येताना तो युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांची नावे घेऊन त्यांना एकचित्त होण्याची विनंती करतो (४:२-३). हे पत्र मंडळीसमोर मोठ्याने वाचले जाणार होते, आणि त्या दोघी तेथे बसलेल्या असणार! पण तो हे कसे करतो ते पाहावे. 'विनंती करतो' हे शब्द तो दोघींसाठी स्वतंत्रपणे वापरतो, म्हणजे कोणाला झुकते माप नाही. भांडणाचे कारण तो सांगतच नाही. त्या दोघींनी शुभवर्तमानासाठी आपल्याबरोबर श्रम केले, हे तो सर्वांच्या देखत आठवून देतो. आणि एका सहकाऱ्याला तो सांगतो की त्यांना साहाय्य कर. समेट ही त्या दोघींची खासगी बाब आहे असे त्याने मानले नाही.

मत्तय १८:१५-१७ मधील पायऱ्या आपल्याला पाठ असतात : आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. व्यवहारात आपण पहिली पायरी गाळून चौथ्याच माणसाकडे जातो आणि त्याला 'प्रार्थनेसाठी सांगतो आहे' असे नाव देतो. तुमच्या बाबतीत पहिली पायरी तीन वर्षांपूर्वीच हुकली, तेव्हा आता दोन्ही घरांचा विश्वास असलेल्या दोन व्यक्तींनी प्रत्येक घरी स्वतंत्रपणे जावे. तेथे ऐकून घ्यावे, पण न्यायनिवाडा करू नये. तुमच्याकडून काय चुकले असे तुम्हाला वाटते, एवढा एकच प्रश्न दोन्हीकडे विचारावा. उत्तर लगेच मिळणार नाही. गलतीकरांस ६:१ मध्ये सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणण्यास सांगितले आहे आणि स्वतःकडेही लक्ष ठेवण्यास सांगितले आहे. कारण मध्यस्थाला आपण फार शहाणे आहोत असे वाटू लागायला वेळ लागत नाही.

एकत्र भेट घडली आणि क्षमा मागितली गेली, तर सारे पूर्ववत होईल अशी अपेक्षा करू नका. एकाने नमस्कार करणे आणि दुसऱ्याने त्याला उत्तर देणे, ही पहिल्या वर्षाची कमाई धरून चाला. दोहोंपैकी एका बाजूने ठाम नकार दिला, तर मात्र प्रभुभोजनाला बसण्यापूर्वी स्वतःची परीक्षा करण्याविषयी पौलाने जे म्हटले आहे (१ करिंथ ११:२८), ते वडिलांनी त्यांना घरी जाऊन, दार लावून, स्पष्ट सांगावे. करिंथमधल्या ज्या माणसाला शासन झाले होते त्याला पुढे क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर तो दुःखाने खचून जाईल, असेही पौलानेच लिहिले (२ करिंथ २:६-८). आधीच्या पत्रात (१ करिंथ ५) ज्याला मंडळीबाहेर काढायला सांगितले होते तोच हा माणूस होता का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. शिस्तीचा शेवट परत घेण्यात व्हावा, याबद्दल मात्र दुमत होण्यासारखे काही नाही.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. वर सांगितलेली वाट रुसवे, अपमान, व्यवहारातील कटुता यांच्यासाठी आहे. लहान मुलांवरील अत्याचार, घरातील मारहाण, पैशाचा अपहार असे काही असेल, तर 'आपसात मिटवू' असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही वडिलाला नाही. पीडित व्यक्तीला अपराध्यासमोर एकट्याने पाठवणे हा मत्तय १८ मधील त्या वचनाचा विपर्यास आहे. अशा गोष्टी विनाविलंब कायद्याच्या यंत्रणेकडे गेल्या पाहिजेत. रोमकरांस १३:१-४ प्रमाणे तीही देवाने नेमलेली आहे. पापे झाकून ठेवणाऱ्या मंडळीचे नाव काही काळ स्वच्छ राहते, आणि त्या काळात आणखी कोणाचा तरी बळी जातो.

प्रश्न ६ : माझी आई ऐंशीच्या पुढची आहे आणि दोन वर्षांपासून तिला घराबाहेर पडता येत नाही. ती मोबाइलवर उपासना पाहते. आमची मंडळी लहान आहे, जेमतेम तीस माणसे. मोठ्या मंडळ्यांची गाणी, संदेश पाहून आई म्हणते, 'आपल्या मंडळीत आता काय उरले आहे, आणि माझाही तिला काय उपयोग?' तिला काय सांगू?

उत्तर : मंडळीच्या लहान असण्याबद्दल आधी थोडे सांगतो. प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौलाने सलाम पाठवला आहे (रोमकरांस १६:३-५), आणि घरात मावणारी माणसे ती किती असणार? सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात तिसऱ्या शतकातील एक घर सापडले, ज्याचे उपासनेसाठी रूपांतर केलेले होते. त्याचे सभागृह साठ-सत्तर माणसांपुरते आहे, आणि बाप्तिस्म्यासाठी वेगळी खोली आहे. प्रकटीकरणातील सात मंडळ्यांपैकी फिलदेल्फियाची शक्ती थोडी होती (३:८), आणि तिला एकही दोष दिलेला नाही. आपण श्रीमंत आहोत, आपल्याला काही उणे नाही, असे म्हणणाऱ्या लावदिकीयाच्या मंडळीला मात्र तू कोमट आहेस असे खडे बोल ऐकावे लागले, हे आईला ठाऊक असेलच.

मोबाइलवरची उपासना पाहण्यात काही गैर नाही. दोन वर्षे घरात असलेल्या वृद्धेला तो मोठाच आधार आहे. पण पडद्यावरच्या उपदेशकाला तुमच्या आईचे नाव ठाऊक नाही, आणि तिच्या मनात 'माझा काय उपयोग' हा प्रश्न उठतो तो कदाचित तेथूनच. इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती उपासनेचे वर्णन लिहिले. रविवारी सर्व जण एकत्र जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, उपदेश व प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस दिला जातो, हे सांगून तो पुढे म्हणतो की जे हजर नसतात त्यांच्याकडे सेवक तो वाटा घेऊन जातात. म्हणजे उपासना चालू असतानाच कोण आलेले नाही याची नोंद घेतलेली असे, आणि उपासना संपली तरी त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत काम संपत नसे.

तेव्हा येत्या रविवारी तुम्ही पाळकांना भेटा आणि प्रभुभोजनाच्या दिवशी उपासनेनंतर त्यांनी दोन-तीन सभासदांसह घरी यावे अशी विनंती करा. तीस माणसांच्या मंडळीला हे सहज जमण्यासारखे आहे. मोठ्या मंडळीला ते फार अवघड जाते. येताना त्यांनी सभासदांच्या नावांची यादी आणावी. ती मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या उशाशी ठेवा आणि रोज पाच नावे घेऊन प्रार्थना करण्याचे काम तिच्याकडे द्या. ज्यांच्यासाठी ती प्रार्थना करते त्यांना तसे कळवा, म्हणजे ते तिला येऊन सांगतील की परीक्षेचे काय झाले, ताप उतरला का, नोकरी मिळाली का. सहा दिवसांत तीस नावे होतात. सातव्या दिवशी काय करायचे ते तिचे तीच ठरवील.